सुपात घेऊन पाखडा: खाण्यापिण्यातल्या औषधी दाव्यांचं खरं-खोटं ओळखायची रीत

"भाऊ, हाई खरं शे का?"

पारोळ्यातल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दिवसातून दोन-तीनदा हा प्रश्न येतोच. मोबाइल माझ्याकडे वळवून धरलेला असतो. पडद्यावर काळे ठिपके पडलेलं केळं, पपईचं पान, नाहीतर पानफुटी. खाली चार ओळी: रोज अनशापोटी घ्या, आजार मुळापासून जाईल, पुढे पाठवा, पुण्य लागेल. विचारणारी माणसं भोळी नसतात. बियाण्याची पिशवी घेताना तीच माणसं उगवणशक्तीचा आकडा वाचतात, कापसाचा भाव चार व्यापाऱ्यांना विचारून मगच गाडी भरतात. औषधी दावा तपासायची रीत मात्र त्यांना कोणी शिकवलेली नाही.

हा लेख त्या रीतीबद्दल आहे. घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेली मुलं, आशा म्हणून नव्यानं कामाला लागलेल्या ताई, पहिलं बाळ झालेल्या मुली, यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. आजार ओळखणं डॉक्टरांचं काम. पण दावा सुपात घेऊन पाखडायला डॉक्टर असावं लागत नाही. कागद, पेन आणि थोडा धीर पुरतो.

पहिली पायरी: दावा कागदावर उतरवा

ऐकलेला उपाय आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहा. त्यात एवढं आलंच पाहिजे: पदार्थ कोणता आणि कशा रूपात (कच्चा, शिजवलेला, रस, वाळवून केलेली पूड), किती, किती दिवस, कोणाला, आणि शरीरात नेमका काय फरक पडणार.

"शेवग्याचा पाला तीनशे रोगांवर चालतो" हे असं लिहून बघा. किती घ्यायचा? जागा रिकामी. किती दिवस? रिकामी. कोणाला, कोणता फरक? दोन्ही रिकाम्या. ही शेवग्याची स्तुती झाली. स्तुती खरी की खोटी हे तपासता येत नाही, म्हणून तिच्या भरवशावर कोणाचं औषध बदलायचं नाही.

आता दुसरं वाक्य घ्या: "जुलाब लांबलेल्या लहान मुलाला भातात शिजवलेलं कच्चं केळं कालवून दिलं तर जुलाब लवकर आटोक्यात येतात." इथे पदार्थ आहे, रूप आहे, रुग्ण आहे, फरक आहे. हे तपासता येतं, आणि तपासलं गेलंही आहे. बांगलादेशात जुलाबानं आजारी असलेल्या मुलांवर असे अभ्यास झाले आणि कच्च्या केळ्याचा फायदा दिसला. रावेर-यावलकडच्या घराघरात कच्च्या केळ्याची भाजी होते. त्या भाजीबद्दल एवढं ठामपणे बोलता येतं, याचा मला फार आनंद आहे. पण त्या मुलांचं अंगातलं पाणी भरून काढणं चालूच होतं. केळं त्याच्या जोडीला होतं, त्याच्या बदल्यात नव्हतं. असा बारकावा मेसेजात गळून पडतो आणि कागदावर लिहिताना सापडतो.

दुसरी पायरी: क्रियापद बघा

"पचनाला बरं", "तोंडाला चव आणतं", "मदत करतं" ही एका जातीची वाक्यं. "बरा होतो", "मुळापासून जातो", "गोळ्या सुटतात" ही दुसऱ्या जातीची. दुसऱ्या जातीचं क्रियापद आलं की पुरावाही तेवढ्याच वजनाचा मागायचा.

आपल्याकडे १९५४ सालापासून औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध केंद्राचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, मूतखडा, लठ्ठपणा अशा आजारांची यादी आहे. त्या यादीतला आजार आपल्या औषधानं बरा होतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. तेव्हा डब्यावर किंवा भिंतीवर "शुगर कायमची बंद" असं छापलेलं दिसलं, तर औषध तपासायच्या आधीच विकणाऱ्याबद्दल एक गोष्ट कळलेली असते. डब्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असला तर एवढंच समजायचं की धंदा नोंदवलेला आहे. परवाना म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे.

"मुळापासून" या शब्दाबद्दल थोडं जास्त बोलतो. सातपुड्यात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजाराची, बरीच कुटुंबं आहेत. तिकडच्या बाजारात त्यावर मुळ्या आणि चूर्णं विकली जातात, तीही "मुळापासून" या बोलीवर. या आजाराचं मूळ आई-बापाकडून आलेल्या जनुकात आहे. पाला, फळ, मुळी यातलं काहीही ते जनुक बदलत नाही. रक्ताची तपासणी, डॉक्टरांनी दिलेलं हायड्रॉक्सियुरिया हे औषध, भरपूर पाणी आणि ताप आला की लगेच दवाखाना, यानं आजारी पोराचे हाल खरोखर कमी होतात. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. गरीब घराचे पैसे मुळीत गेले की दवाखान्याचं भाडं उरत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

तिसरी पायरी: प्रयोग कोणावर झाला?

आता त्या ठिपकेवाल्या केळ्याकडे येऊ. मेसेज असा फिरतो की जपानी शास्त्रज्ञांना पूर्ण पिकलेल्या केळ्यात टीएनएफ नावाचा कर्करोग मारणारा घटक सापडला, म्हणून काळे ठिपके असलेलीच केळी खा. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, आपल्या शेतकऱ्याचं पोट तिच्यावर चालतं, म्हणून हा मेसेज इकडे जरा जास्तच प्रेमानं पुढे पाठवला जातो.

जपानमध्ये अभ्यास झाला होता, हे खरं. पण तो उंदरांवर. केळ्याचा अर्क उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सुईनं टोचला, आणि उंदरांच्या शरीरात पांढऱ्या पेशी व टीएनएफ वाढले. पिकलेल्या केळ्याच्या अर्कानं जास्त वाढले. टीएनएफ उंदरानं तयार केला, तो केळ्यात नव्हता. केळं खाल्लं की ते जठरात-आतड्यात पचतं, अर्क टोचल्यासारखा परिणाम होण्याचं कारण नाही. कर्करोगाचा रुग्ण तर त्या अभ्यासात कुठेच नव्हता.

म्हणून "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" असं दिसलं की तीन प्रश्न विचारायचे. काचेच्या नळीत, प्राण्यावर की माणसावर? खायला दिलं की टोचलं? आणि न घेणाऱ्यांशी तुलना केली का? नळीतल्या पेशी तर मिठाच्या पाण्यानंही मरतात.

परंपरेचा पुरावाही याच पायरीवर येतो. हळदीबद्दल बोलताना हमखास कोणीतरी म्हणतं, "अमेरिकेनं पेटंट घेतलं होतं, मग गुण असणारच." १९९५ मध्ये तिकडच्या एका विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, जुने ग्रंथ आणि लेख दाखवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ती लढाई आपण जिंकली याचा अभिमान आहेच. पण वाद होता तो "ही माहिती नवी आहे का" यावर. उत्तर आलं, जुनी आहे. हळदीनं काय काय बरं होतं, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

चौथी पायरी: चमच्यात किती येतं?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि ती खोटं बोलून होतेच असं नाही. आकडा खरा असतो, माप बदललेलं असतं.

शेवग्याच्या पाल्याच्या पुडीवर छापतात: दुधाच्या १७ पट कॅल्शियम. वाळवलेल्या पाल्यात १०० ग्रॅमला सुमारे २००० मिलिग्रॅम कॅल्शियम धरतात, दुधात १०० मिलिलिटरला १२० च्या आसपास. भागाकार बरोबर येतो. पण एका बाजूला पाणी उडून गेलेली पूड आणि दुसऱ्या बाजूला बहुतांश पाणीच असलेलं दूध आहे. आणि १०० ग्रॅम पूड खाणार कोण? माझ्याकडे औषधं मोजायचा काटा आहे. त्यावर सपाट चहाचा चमचाभर पूड ठेवली तर तीन-चार ग्रॅम भरते, शिगोशीग घेतली तर पाच. पाच ग्रॅममध्ये कॅल्शियम झालं १०० मिलिग्रॅम. कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात २४०. १७ पटीचा डोंगर चमच्यात आला तेव्हा अर्ध्या कपाएवढा झाला.

यावरून शेवगा टाकाऊ ठरत नाही. ताज्या पाल्याची मूगडाळ घालून भाजी आणि सोबत कळण्याची भाकरी, हे उत्तम जेवण आहे. कुंपणाला झाड असेल तर फुकटात मिळतं. सातशे रुपयांचा पुडीचा डबा मात्र कोणी मागितला तर मी आधी त्याच्यासमोर काटा ठेवतो.

हळदीचंही तसंच. ज्या कुर्क्युमिन नावाच्या पिवळ्या घटकाबद्दल एवढं बोललं जातं ते हळदीत सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास असतं. रात्रीच्या दुधात अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद टाकली तर ४५ मिलिग्रॅम. सांधेदुखीवर ज्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला त्यांत रोज ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कुर्क्युमिनचा अर्क दिलेला होता. शिवाय ते आतड्यातून फार कमी शोषलं जातं. काळ्या मिऱ्यातल्या पिपरिनमुळे शोषण वाढतं, हे खरं आहे. पण अर्काच्या कॅप्सूलमध्ये पिपरिन घालून शोषण वाढवलं की यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणजे दुधातली हळद निर्धोक आहे ती तिची मात्रा कमी आहे म्हणून, आणि तिच्याकडून मोठ्या चमत्काराची अपेक्षा ठेवायची नाही तीही त्याच कारणानं. ऊबदार दूध पिऊन घशाला बरं वाटतं, झोप लागते. तेवढ्यासाठी ते खुशाल प्यावं.

तर रीत अशी: दाव्यातला आकडा घ्या, तो १०० ग्रॅमचा आहे का बघा, तुमच्या चमच्यात किती ग्रॅम येतात ते मोजा आणि त्रैराशिक मांडा. सातवी-आठवीतलं पोरगंही करून देईल. माझ्या मुलीनं तिच्या आजीला असंच करून दाखवलं होतं.

पाचवी पायरी: हे दुखणं आपोआप जाणारं आहे का?

आमच्या भागात कावीळ झाली की पहिली धाव कावीळ उतरवणाऱ्याकडे. कोणी नाकात थेंब टाकतो, कोणी गळ्यात मुळ्यांची माळ घालतो, कोणी ताकातून काहीतरी पाजतो. आणि बहुतेक लोक बरे होतात, हेही खरं. कारण दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपली आपण उतरते. माळ लांबत लांबत नाभीखाली येईपर्यंत तेवढेच दिवस गेलेले असतात.

मग बिघडलं काय? बिघडतं ते उरलेल्यांचं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. काहींची कावीळ पित्तनलिकेत खडा अडकल्यामुळे असते, काहींची दारूनं यकृत खराब झाल्यामुळे. डोळे सगळ्यांचेच पिवळे. तपासणीशिवाय वेगळं ओळखता येत नाही. म्हणून घरात गरोदर बाई असेल आणि डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रोगी बरळायला लागला, खूप झोपाळला, रक्त पडायला लागलं, तर रात्र असली तरी थांबू नका.

मूतखड्याची गोष्ट याच पठडीतली. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो, दिवसभर शेतात घाम निघतो, लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. पानफुटीची दोन पानं नाहीतर हुलग्याचं पाणी घेऊन "माझा खडा पडला" असं सांगणारे दहा लोक तुम्हालाही भेटतील. त्यांना सोनोग्राफीचा कागद मागा. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपसूक पडून जातात, पान खा किंवा न खा. हुलगे उकळून त्याचं दोन तांबे पाणी रोज पोटात जातं, त्यातल्या पाण्याचं श्रेय हुलग्याला मिळतं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणं हा मूतखडा टाळायचा पक्का उपाय आहे. लिंबूपाण्यालाही आधार आहे. त्यातल्या सायट्रेटमुळे कॅल्शियमचे खडे धरायला अडथळा होतो. म्हणून ते प्या, साखर घालू नका. पण कळेबरोबर ताप भरला, लघवी अडली किंवा आधीपासून एकच मूत्रपिंड असेल, तर घरगुती काहीच नको.

डेंग्यूत पपईच्या पानाचा रस देतात. काही लहान अभ्यासांत त्यानं प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. पण डेंग्यूत प्लेटलेट आधी पडतात आणि मग स्वतःच वर येतात. जीव जातो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्यानं, आणि तो धोका ताप उतरायच्या सुमारास सुरू होतो. पपईच्या रसानं मृत्यू कमी होतात असं दिसलेलं नाही. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणं ही चिन्हं पाठ करा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन डेंग्यूत मागू नका. कोणी मागितली तर आम्हीही देणार नाही.

सहावी पायरी: मोजा, आणि मोजताना बाकी काय बदललं तेही लिहा

माझ्या मोठ्या मावशीला बारा वर्षांपासून मधुमेह. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गावी सगळे जमले होते, अंगणात झोके बांधलेले, सांजोऱ्या तळणं चाललेलं. तिनं मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "मनी साखर आते बरी शे. गोया बंद करी टाक्यात." (माझी साखर आता बरी आहे, गोळ्या बंद करून टाकल्या.) कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड ती महिन्याभरापासून घेत होती. ग्लुकोमीटरवर सकाळचा आकडा १२८ आला होता. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला नाही म्हणवेना. तेव्हा मी बोललो नाही, ही माझी चूक.

कानबाईच्या सणाला, म्हणजे तीन महिन्यांनी श्रावणात, ती तळपायाची जखम घेऊन आली. एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, केली. आधी ७.४ होतं, आता १०.१.

नंतर तिच्यासोबत बसून एकेक दिवस उलगडला, तेव्हा १२८ चं कोडं सुटलं. रस सुरू केला त्याच आठवड्यात तिनं गोड चहा सोडला होता. रसानंतर दोन तास काही खायचं नाही, असं सांगितलेलं, म्हणून सकाळची बिस्किटंही गेली. रस काढायला मळ्यातून ताजी कारली आणायची म्हणून रोज पायी दोन फेऱ्या. आणि गोळ्या त्या वेळी अजून चालूच होत्या, त्या पुढच्या आठवड्यात थांबल्या. आकडा खाली आणणारे चौघे होते, नाव एकट्या कारल्याचं झालं.

कारलं, जांभूळ बी, मेथी यांच्यावर अभ्यास आहेत, पण बहुतेक लहान आहेत. त्यातल्या त्यात मेथीचं कारण स्पष्ट आहे: तिच्यातला चिकट तंतू पोटात फुगतो आणि साखर रक्तात सावकाश चढते. मदतनीस म्हणून ती चालेल. औषधाची जागा ती घेऊ शकत नाही.

म्हणून उपाय करून बघायचाच असेल तर असा करा. सुरू करायच्या आधी एचबीए१सी तपासून घ्या. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस, त्यामुळे ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. एका सकाळच्या आकड्यानं ती फसत नाही. चालू गोळ्यांतली एकही कमी करू नका. वहीत तारीख टाकून रोज काय खाल्लं, किती चाललात ते दोन शब्दांत लिहा. आखाजीला सुरू केलं तर कानबाईला पुन्हा तपासा. आणि सुरू करताना डॉक्टरांना सांगा, कारण ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना वर भरपूर मेथी-कारलं घेतलं तर साखर एकदम पडून घाम फुटणं, हात थरथरणं, चक्कर हे होऊ शकतं.

सातवी पायरी: अपाय होऊ शकतो का?

"नैसर्गिक आहे, बाधणार तर नाही ना" यावर माझं ठाम उत्तर आहे: बाधू शकतं. दुधी भोपळा घ्या. बहुतेक दुधी निरुपद्रवी. पण एखादा कडू निघतो, त्यात कुकुर्बिटॅसिन हा कडू विषारी घटक जास्त असतो, आणि त्याच्या रसानं रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. २०१० मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तज्ज्ञांची समिती नेमली होती. रस काढायच्या आधी दुधीचा बारीक तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला की अख्खा दुधी फेकून द्या. कारल्याच्या रसात दुधी कधीच मिसळू नका, कारण मग दुधीचा कडूपणा कळतच नाही.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घुटीतूनही नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते पचतात, बाळाला लुळेपणा येऊन श्वास अडू शकतो. आजी रागावेल. तिला शांतपणे सांगा, वर्षाचा वाढदिवस झाला की पहिलं बोट तिच्याच हातानं.

गुळवेलीचा काढा करोनाच्या काळात घराघरात गेला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. वाद कुठेही जावो, ज्याला यकृताचा आजार आहे त्यानं महिनोन् महिने काढा पिऊ नये, आणि काढा चालू असताना डोळे पिवळे झाले तर तो थांबवून डॉक्टरांना नावानिशी सांगावं.

आपलं केळंही मूत्रपिंडाच्या रुग्णाला विचारूनच. मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चांगलं, डायलिसिसवरच्या माणसाच्या हृदयाला धोक्याचं.

आणि सांधेदुखीवर दोन दिवसांत गुण देणारी बिननावाची पुडी? असल्या पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. चेहरा गोल सुजायला लागला, साखर अचानक चढली, तर ती पुडीच दवाखान्यात घेऊन जा. पण एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून सोडा.

जे या चाळणीतून टिकलं

उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलं. खिशातला कांदा शरीराचं तापमान कमी करत नाही. ऊन लागून माणूस बडबडायला लागला तर त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका.

कैरीचं पन्हं मात्र खरं ठरतं, कारण त्यात पाण्यासोबत साखर आणि मीठ असतं. त्या मिश्रणाची ताकद समजून घेण्यासारखी आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली. सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याचं मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात साखर शोषली जाताना सोडियमला सोबत ओढते आणि त्यांच्या मागोमाग पाणी येतं. हे कारण माहीत होतं, मात्रा ठरलेली होती, परिणाम मोजला होता. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांनी जगभर कोट्यवधी मुलं वाचवली, यापेक्षा मोठी घरगुती औषधाची गोष्ट मला माहीत नाही.

मात्रा लक्षात ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चव घेऊन बघा, अश्रूंपेक्षा खारट नको. ओआरएसची पुडी मिळाली तर तीच आधी. पन्हं घामानं गेलेलं पाणी-मीठ भरून काढायला छान, पण जुलाबात ओआरएसच.

घरातल्या मोठ्यांशी बोलताना

मेसेज पाठवणारी मामी किंवा जिभाऊ तुमच्या काळजीपोटी पाठवतात. सगळ्यांदेखत "हे खोटं आहे" म्हणालात तर पुढच्या वेळी उपाय चालू राहील, फक्त तुम्हाला कळणार नाही. मावशीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटत होती. म्हणून विचारा, "कधीपासून घेताय? कसं वाटतंय? गोळ्या चालू आहेत ना?" शेवटचा प्रश्न हळू आवाजात, पण विचाराच.

गेल्या आठवड्यात बहादरपूरकडचे एक आबा आले. पिशवीत कारल्याच्या रसाची बाटली, हातात गोळ्यांचं जुनं पाकीट, अर्धं भरलेलं. मी बाटलीबद्दल काहीच बोललो नाही. पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या त्यांच्यासमोर मोजल्या: अकरा. तारखेप्रमाणे एकही उरायला नको होती. आबांनी आपणहून सांगितलं, रस सुरू केल्यापासून एक दिवसाआड घेतोय. मग ठरलं असं की रस राहील, गोळी रोज राहील, रसाबद्दल आबा डॉक्टरांना सांगतील, आजच एचबीए१सी होईल आणि दुसरी तपासणी तीन महिन्यांनी. ती तारीख मी बिलाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिली. आबांनी बिलाची घडी घातली आणि टोपीच्या आत खोचली.